परीक्षा देऊन कॉलेजचं क्रेडिट: क्लेप आणि एपीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लेप आणि एपी या अमेरिकेतल्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या परीक्षा, त्यांच्या गुणांवर कॉलेजचं क्रेडिट मिळू शकतं. अमेरिकेतल्या मराठी घरांतून आणि शिकायला तिकडे निघालेल्या मुलांकडून त्यांबद्दल हे प्रश्न सतत येतात. उत्तरं अमेरिकेतल्या पदवी शिक्षणापुरती आहेत. शुल्काचे आकडे २०२५ च्या सुमाराचे आहेत आणि ते दरवर्षी थोडे सरकतात, म्हणून पैसे भरण्याआधी कॉलेज बोर्डाच्या साइटवर ताजा आकडा बघून घ्या.

१. परीक्षा देऊन क्रेडिट मिळतं म्हणजे नेमकं काय होतं?

अमेरिकेत चार वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची असते. तीन क्रेडिटचा विषय म्हणजे एक सेमिस्टर, आठवड्याला तीन तास वर्ग. तो विषय आपल्याला आधीच येतो हे प्रमाणित परीक्षेत दाखवलं, तर कॉलेज वर्गात न बसवता ती क्रेडिटं ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रकावर) चढवतं. तेवढ्या विषयाची फी वाचते आणि वेळापत्रकात जागा मोकळी होते.

मात्र परीक्षा घेणारी संस्था फक्त गुण देते. क्रेडिट द्यायचं की नाही, किती आणि कशाच्या बदल्यात, हे कॉलेज ठरवतं. त्यामुळे ‘ही परीक्षा चांगली का?’ या प्रश्नाला तसा अर्थ नाही. ‘माझ्या कॉलेजात, माझ्या शाखेत ती कशाला लागू पडते?’ असं विचारा.

२. एपी आणि क्लेपमध्ये फरक काय?

दोन्ही परीक्षा कॉलेज बोर्डाच्याच. एपी हायस्कूलच्या मुलांसाठी असते, वर्षातून एकदाच, मे महिन्यात. निकाल जुलैत लागतो आणि गुण १ ते ५ या मापात येतात. शाळेत एपीचा वर्ग घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही, नुसती परीक्षाही देता येते.

क्लेप १९६७ पासून चालू आहे. तिच्यात ३४ विषय आहेत, वर्षभर कधीही देता येते आणि वयाची वरची अट नाही. गुण २० ते ८० मध्ये येतात. शाळकरी मुलं, नोकरी करणारे, सैन्यातले लोक, चाळिशीत पदवी पुरी करणारे असे सगळे ती देतात. डीएसएसटी नावाची तिसरी परीक्षाही आहे. मुळात सैनिकांसाठी निघालेली ही परीक्षा आता सगळ्यांना खुली आहे आणि तिच्यात बहुतेक विषयांना २०० ते ५०० पैकी ४०० गुण लागतात. तिच्यात क्लेपमध्ये नसलेले काही विषय सापडतात, पण ती मानणारी कॉलेजं क्लेपपेक्षा कमी.

३. मुलगी दहावीत आहे. दोन्हींपैकी काय निवडावं?

नामांकित कॉलेजांवर नजर असेल तर एपी. तिथे प्रवेशाच्या वेळी अवघड विषय घेतल्याचा पुरावा म्हणून एपी बघतात, क्लेपकडे सहसा कोणी बघत नाही. राज्याच्या विद्यापीठात किंवा कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात) जायचं जवळपास ठरलं असेल, तर क्लेप जास्त सोयीची आहे. तयारी झाली की पुढच्या आठवड्यात देता येते आणि बहुतेक विषयांचा निकाल तिथेच पडद्यावर दिसतो. एपीचा वर्ग झालाय पण मे मधली परीक्षा हुकली किंवा २ गुणांवर अडकली, तर त्याच तयारीवर क्लेप देणं शहाणपणाचं, आणि हा मार्ग फार थोड्यांना सुचतो.

४. किती गुण लागतात?

क्लेपसाठी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या कॉलेजांच्या संघटनेची शिफारस ५० गुणांची आहे. हे ५० टक्के नव्हेत. बरोबर उत्तरांची संख्या २० ते ८० च्या मापात बसवलेली असते. परकीय भाषांना दोन पायऱ्या आहेत: पहिलीला ५०, आणि दुसरीला स्पॅनिशमध्ये ६३, जर्मनमध्ये ६०, फ्रेंचमध्ये ५९. पण शिफारस ही शिफारसच, कॉलेज त्याहून जास्त मागू शकतं.

एपीत ३ गुणांना पात्र समजतात. इलिनॉय आणि ओहायोसारख्या राज्यांत सरकारी विद्यापीठांनी ३ ला क्रेडिट द्यायचं असा नियमच आहे. खासगी कॉलेजं बऱ्याचदा ४ किंवा ५ मागतात. दोन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेईईच्या सवयीनं प्रश्न कोरे सोडणारी मुलं इथे हकनाक गुण घालवतात.

५. कॉलेजचा क्रेडिट तक्ता कुठे सापडतो आणि कसा वाचायचा?

कॉलेजच्या नावापुढे ‘क्लेप क्रेडिट’ किंवा ‘एपी क्रेडिट’ लिहून शोधा. तक्ता सहसा रजिस्ट्रारच्या किंवा प्रवेश विभागाच्या पानावर असतो. त्यात चार रकाने असतात: परीक्षा, किमान गुण, समकक्ष विषय आणि क्रेडिट. लोक पहिला आणि चौथा रकाना वाचून खूश होतात. तिढा तिसऱ्यात असतो.

समजा मानसशास्त्राच्या ओळीत समकक्ष म्हणून ‘मानसशास्त्र १०१’ असा खरा क्रमांक दिला आहे. मग तो विषय झाला, तो जिथे जिथे लागतो तिथे भरला गेला. पण क्रमांकाऐवजी ‘१एक्सएक्स’ किंवा ‘इलेक्टिव्ह’ (ऐच्छिक) लिहिलं असेल, तर क्रेडिट मिळेल पण कुठल्याही ठरावीक विषयाची जागा भरणार नाही. १२० च्या बेरजेत ती तीन धरली जातील, आणि तुमच्या शाखेत इलेक्टिव्हला जागाच नसेल तर ती हवेत राहतील. इंजिनिअरिंगमध्ये हे नेहमी होतं, कारण तिथे मोकळ्या जागा मोजक्याच. तिसरा प्रकार म्हणजे नुसतं ‘प्लेसमेंट’. त्यात प्राथमिक विषय वगळून वरच्या वर्गात बसता येतं, क्रेडिट शून्य.

तक्ता वाचून झाला की शेजारी आपल्या शाखेचा पदवी आराखडा उघडा आणि एकेका समकक्ष विषयापुढे खूण करा. ज्याला खूण करायला जागा सापडत नाही ती परीक्षा देऊ नका. तळटीपाही वाचा. कमाल मर्यादा (३० क्रेडिटची बऱ्याच ठिकाणी दिसते), ‘शेवटची ३० क्रेडिटं इथेच घ्यावीत’ ही अट, ‘लॅब धरलेली नाही’ हा शेरा, सगळं तिथेच बारीक अक्षरांत असतं. मग अ‍ॅडव्हायझरला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि त्या वर्षीच्या तक्त्याची पीडीएफ जपून ठेवा. तक्ते बदलतात, आणि फोनवर मिळालेलं ‘हो, चालेल’ दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाही.

६. खर्च किती येतो?

क्लेपची फी शंभर डॉलरच्या जरा खाली आहे. त्यावर परीक्षा केंद्र स्वतःचं शुल्क वेगळं घेतं आणि ते प्रत्येक केंद्राचं निराळं असतं. घरून दिली तर त्याजागी देखरेखीचं शुल्क, साधारण ३० डॉलर. एपीची फी २०२५ मध्ये अमेरिकेत ९९ डॉलर आणि बाहेर १२९ डॉलर होती. उशिरा नोंदणी केली किंवा नोंदवून दिली नाही तर ४० डॉलर वेगळे.

क्लेप फुकटही देता येते. मॉडर्न स्टेट्स ही ना-नफा संस्था क्लेपच्या विषयांचे ऑनलाइन कोर्स मोफत देते. कोर्स पुरा केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचर मिळतं आणि केंद्राचं शुल्क पावती दाखवून परत मिळतं. व्हाउचर हातात येईपर्यंत स्वतःच्या कार्डानं पैसे भरू नका. सैन्यातल्यांना पहिल्या प्रयत्नाची फी डँटेस या संरक्षण खात्याच्या शिक्षण योजनेकडून मिळते.

७. क्लेपसाठी नाव कसं नोंदवायचं? कुठे चुका होतात?

कॉलेज बोर्डाचं खातं उघडायचं, विषय निवडायचा, व्हाउचर किंवा कार्डानं फी भरायची आणि नोंदणी तिकीट छापून घ्यायचं. तिकिटाची मुदत सहा महिने असते. नंतर केंद्राची वेळ वेगळी ठरवावी लागते. तिकीट काढलं म्हणजे जागा मिळाली असं नाही, आणि पहिली फसगत इथेच होते.

दुसरी फसगत नावाची. आपल्याकडे पासपोर्टवर मुलाच्या नावाला जोडून वडिलांचं नाव येतं, बाईच्या नावाला नवऱ्याचं. शाळेत फक्त पहिलं नाव आणि आडनाव असतं, लायसन्सवर तिसरंच काही. केंद्रावर दाखवणार त्या ओळखपत्रावर आहे तसंच नाव कॉलेज बोर्डाच्या खात्यात हवं. नाव जुळलं नाही तर दारातून परत पाठवतात. कॉलेजात वेगळं नाव असेल तर गुण पोचतात पण विद्यार्थी सापडत नाही (पुढचं प्रश्न ११ मध्ये).

नोंदणी करतानाच कॉलेजचा चार अंकी कोड भरा. त्या वेळी एका ठिकाणी गुण मोफत जातात, नंतर प्रत्येक ट्रान्सक्रिप्टला वेगळे पैसे पडतात. गुण वीस वर्षं जपून ठेवले जातात, त्यामुळे कॉलेज ठरलेलं नसेल तर थांबायलाही हरकत नाही.

८. क्लेप घरून देता येते का?

अमेरिकेत राहणाऱ्या, १३ वर्षं पूर्ण झालेल्यांना येते. कॅमेरा असलेला विंडोज किंवा मॅक संगणक लागतो. क्रोमबुक चालत नाही, आणि शाळेनं दिलेला लॅपटॉप बहुधा क्रोमबुकच असतो. परीक्षेच्या आधल्या दिवशी चाचणी सॉफ्टवेअर चालवून बघा. खोलीत दुसरं कोणी नको, टेबल रिकामं हवं, फोन लांब हवा. आजी-आजोबा आले असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा. मध्येच कोणी चहा घेऊन दार उघडलं तरी ते देखरेखीत टिपलं जातं आणि निकाल रद्द होऊ शकतो.

९. पेपर कसा असतो? भारतातून आलेल्या मुलांना कुठले विषय जड जातात?

बहुतेक विषयांना ९० मिनिटं आणि सगळे बहुपर्यायी प्रश्न. कॅल्क्युलसचे दोन भाग पडतात: ५० मिनिटांत २७ प्रश्न कॅल्क्युलेटरशिवाय, मग ४० मिनिटांत १७ प्रश्न पडद्यावरच्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरसह. तो कॅल्क्युलेटर आधी हाताळलेला नसेल तर बटणं शोधण्यातच मिनिटं जातात. कॉलेज कॉम्पोझिशनमध्ये दोन निबंध असतात आणि ते माणसं तपासतात, म्हणून तिचा निकाल लगेच मिळत नाही.

शिफारशीप्रमाणे बहुतेक परीक्षांना ३ क्रेडिट, कॅल्क्युलसला ४, जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि कॉलेज कॉम्पोझिशनला ६. आपल्याकडे बारावी सायन्स केलेल्याला कॉलेज अल्जिब्रा आणि प्रीकॅल्क्युलस हातचे विषय आहेत, पण इंजिनिअरिंगला जाणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही, कारण पदवीचं गणितच कॅल्क्युलसपासून सुरू होतं. खरा फायदा सक्तीच्या सामान्य विषयांत आहे: अमेरिकेचा इतिहास, शासनव्यवस्था, मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र. इतिहास आणि शासनव्यवस्था मात्र नुसत्या सामान्य ज्ञानावर सुटत नाहीत. शाळा भारतात झाली असेल तर पाठ्यपुस्तक पहिल्यापासून वाचा.

१०. गुण कमी पडले तर?

तीच क्लेप परीक्षा पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं. आधी दिलीत तर निकाल रद्द होतो आणि फीही जाते. पदवीच्या शेवटच्या सेमिस्टरला क्लेपवर विसंबू नका असं म्हणतात ते याचसाठी. एपी पुन्हा द्यायची तर पुढचा मे. एपीचा वाईट निकाल एखाद्या कॉलेजपासून पैसे भरून रोखता येतो, किंवा कायमचा रद्द करता येतो. रद्द केलेला परत येत नाही, त्यामुळे घाईत ते बटण दाबू नका.

११. गुण पाठवले, पण ट्रान्सक्रिप्टवर क्रेडिट दिसत नाही. काय करावं?

आधी कॉलेज बोर्डाच्या खात्यात अहवाल गेल्याची तारीख बघा. एपीसाठी दरवर्षी एका कॉलेजला मोफत पाठवण्याची मुदत २० जूनला संपते. ती हुकली असेल तर अहवाल गेलेलाच नसतो आणि १५ डॉलर भरून पाठवावा लागतो. अहवाल गेला असेल तर रजिस्ट्रारला ईमेल करा: विद्यार्थी क्रमांक, जन्मतारीख, परीक्षेतलं नाव जसंच्या तसं आणि पाठवल्याची तारीख. बऱ्याचदा नावाचाच घोळ निघतो. तुम्ही स्वतः काढलेली निकालाची प्रत कॉलेज मानत नाही, अहवाल थेटच जावा लागतो.

हे सगळं विषय निवडण्याआधी उरका. क्रेडिट चढलेलं नसताना तोच विषय घेतलात तर प्रश्न १३ मधली अडचण येते.

१२. जीपीएवर (ग्रेडच्या सरासरीवर) परिणाम होतो का?

सहसा नाही. ट्रान्सक्रिप्टवर ग्रेडऐवजी ‘क्रेडिट’ किंवा ‘पास’ एवढंच येतं. म्हणजे जीपीए खाली येत नाही, तसा वरही जात नाही. ज्या सोप्या विषयात हमखास ए मिळाला असता तो परीक्षेनं काढून टाकला, की पहिल्या वर्षाचा जीपीए निव्वळ अवघड विषयांवर उभा राहतो. स्कॉलरशिपला जीपीएची अट असेल तर याचा विचार आधी करा.

१३. एपी आणि क्लेप दोन्ही देऊन एकाच विषयाचं दुप्पट क्रेडिट मिळेल का?

नाही. मानसशास्त्राची एपी आणि मानसशास्त्राची क्लेप एकाच समकक्ष विषयावर पडतात, क्रेडिट एकदाच. एपी कॅल्क्युलस एबी आणि क्लेप कॅल्क्युलसचंही तेच. बीसी ही एबीच्या वरची एपी कॅल्क्युलस परीक्षा, तिच्या निकालात एबीचा उपगुण वेगळा येतो. बीसीत ३ मिळूनही एबी उपगुण ४ असेल तर काही कॉलेजं त्यावर पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देतात, तेवढं विचारून बघा.

उलट दिशेनंही नियम आहेत. विषय वर्गात घेतला, किंवा त्याच साखळीतला वरचा विषय पार केला, की खालच्या विषयाचं परीक्षेनं क्रेडिट बहुतेक ठिकाणी मिळत नाही. एपीचं क्रेडिट असताना तोच विषय पुन्हा घेतला तर एपीचं क्रेडिट काढून घेतात.

१४. मुलाला मेडिकलला जायचंय. एपी बायोलॉजीचं क्रेडिट घ्यावं का?

जपून. अनेक मेडिकल स्कूल्स बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स या पूर्वअटींसाठी एपी मानत नाहीत, किंवा त्याच शाखेतला वरचा विषय कॉलेजात घ्यायला सांगतात. क्लेपला तर तिथे आणखी कमी मान. शास्त्र विषय वर्गात लॅबसकट घ्या आणि परीक्षेनं इतिहास, अर्थशास्त्र, इंग्रजी मोकळं करा.

१५. आयव्ही लीगमध्ये (ईशान्य अमेरिकेतल्या आठ नामांकित खासगी विद्यापीठांत) चालतं का?

पदवीची वर्षं कमी करण्यासाठी फारसं नाही. डार्टमथनं २०१४ पासून प्रवेश घेणाऱ्यांना एपीचं क्रेडिट देणं थांबवलं. ब्राउनमध्ये एपी प्लेसमेंटपुरती. आयव्हीबाहेर कॅलटेकही एपीचं क्रेडिट देत नाही.

१६. एका कॉलेजात मिळालेलं क्रेडिट दुसरीकडे जातं का?

आपोआप जात नाही. नवं कॉलेज मूळ गुण मागतं आणि स्वतःचा तक्ता लावतं. पहिल्या ठिकाणी ५० ला मिळालेली तीन क्रेडिटं दुसरीकडे शून्य होऊ शकतात. कम्युनिटी कॉलेजमधून विद्यापीठात जाणाऱ्यांनी म्हणून तक्ता विद्यापीठाचा बघावा. विद्यापीठ क्वार्टर पद्धतीचं (सेमिस्टरऐवजी लहान सत्रांचं) असेल तर ३ सेमिस्टर क्रेडिटांची ४.५ होतात. तो फायदा नव्हे, तिकडे पदवीच १८० ची असते.

१७. मी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे. एक विषय क्लेपनं काढून ९ क्रेडिटच घेतली तर चालेल?

अजिबात नाही. पदवीच्या विद्यार्थ्याला व्हिसा टिकवायला प्रत्येक सेमिस्टरला १२ क्रेडिटांची प्रत्यक्ष नोंदणी लागते, आणि परीक्षेची क्रेडिटं त्यात धरत नाहीत. पूर्ण वेळ नोंदणीची अट असलेल्या शिष्यवृत्त्या आणि सरकारी मदत यांनाही तेच लागू. क्लेपनं मोकळी झालेली जागा दुसऱ्या विषयानं भरा, किंवा पदवी सेमिस्टरभर आधी संपवा.

१८. बीकॉम पुण्यातून झालंय, आता इथे सीपीए (परवानाधारक अकाउंटंट) व्हायचंय. कमी पडणारी क्रेडिटं क्लेपनं भरता येतील?

काही राज्यांत अंशतः येतात. तीन वर्षांची बीकॉम साधारण ९० क्रेडिटची धरली जाते, आणि परवान्याची रूढ अट १५० ची आहे. (काही राज्यांनी २०२५ मध्ये पदवी अधिक दोन वर्षांचा अनुभव असा दुसरा मार्ग कायद्यानं खुला केला आहे, तो आधी तपासा.) क्लेपचे फायनान्शियल अकाउंटिंग, बिझनेस लॉ, मॅनेजमेंट, मार्केटिंग हे विषय प्राथमिक पातळीचे आहेत. वरच्या पातळीचं अकाउंटिंग त्यांनी भरून निघत नाही. शिवाय अनेक राज्यांच्या परवाना देणाऱ्या मंडळांना क्लेपचा नुसता निकाल चालत नाही. ते क्रेडिट मान्यताप्राप्त कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर आलेलं लागतं. न्यू जर्सीची थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी, न्यूयॉर्कची एक्सेलसियर आणि कनेक्टिकटचं चार्टर ओक स्टेट कॉलेज परीक्षेची क्रेडिटं सढळपणे घेतात, पण तुमच्या राज्याच्या मंडळाची लेखी संमती आधी.

१९. मराठीची परीक्षा देऊन भाषेचं क्रेडिट मिळेल का?

क्लेपमध्ये स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन एवढ्याच परकीय भाषा आहेत. एपीत चिनी, जपानी, इटालियन, लॅटिन यांची भर आहे. मराठी नाही, हिंदीही नाही. मात्र कॉलेजच्या भाषा विभागाला स्वतःची परीक्षा घ्यायला सांगता येतं. काही ठिकाणी त्यावर परकीय भाषेची सक्ती माफ होते, पण माफी म्हणजे क्रेडिट नव्हे.

२०. भारतात अशी सोय आहे का?

जवळची सोय म्हणजे स्वयम्, केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठ एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून करू देऊ शकतं. स्वयम्‌वरच्या एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाच्या कोर्सला असाइनमेंटचे २५ आणि केंद्रावरच्या परीक्षेचे ७५ गुण असतात. पास होण्यासाठी दोन्हींत वेगवेगळे, म्हणजे २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, हवेत. असाइनमेंट चुकवून परीक्षेत ७० काढणारा इथे नापास होतो. १२ आठवड्यांच्या कोर्सला साधारण ३ क्रेडिट, ८ आठवड्यांच्या कोर्सला २. क्लेपसारखं कधीही थेट परीक्षेला बसता येत नाही, कोर्सला नाव घालावंच लागतं, आणि कोर्स सुरू होण्याआधी विभागप्रमुखांची मंजुरी घ्यावी लागते. परीक्षेनंतर मागितलेली मंजुरी बहुतेक कॉलेजं देत नाहीत.